अनसाबाईंचा खर्ज

कार्तिकातल्या दाट धुक्यात पऱ्हाटीची कापसानं भरलेली बोंडं उमलू लागली, की शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावरून, बांधावरून, एक हाक यायची. दिसत कुणीच नसे. खोल विहिरीच्या पाण्यावर रिकामी घागर टेकावी तसा तो घनगंभीर, ओलसर नाद धुकं सारत पुढे यायचा आणि बंडीचे बैल जागीच थबकायचे. लग्न होऊन आंजी गावात आले, तेव्हा मला वाटलं सासरेच हाक देताहेत. ती माझी थोरली जाऊ होती, अनसाबाई.

उंच, सावळी, हिवाळ्यातल्या धाम नदीसारखी संथ. तिचे यजमान दौलतभाऊ सज्जन, कष्टाळू; पण मिसरूड फुटून वर्षं लोटली तरी त्यांचा आवाज फुटला नव्हता. बाजारात पाठमोऱ्या दौलतभाऊंना ऐकून कुणी "बाई, जरा सरका" म्हणे आणि हशा पिके. घरी मात्र त्या दोघांत त्याचं काही नव्हतं. गोऱ्हा बिथरला की ते सरळ म्हणत, "अनसे, हाक दे वं," आणि तिच्या एका 'होऽऽ'सरशी ते दांडगं जनावर मान खाली घाली.

आमचे हे वर्ध्याच्या शाळेत शास्त्र शिकवत. उन्हाळ्याच्या सुटीत एका दुपारी पंगतीत त्यांना विषय सुचला. बाया वाढत होत्या, पुरुष जेवत होते.

"बाईचा गळा अन बाप्याचा गळा लहानपनी सारखाच असते," हे रंगून सांगू लागले. "मंग पुढं बाप्याचाच आवाज खोल काऊन जाते? लाखो वर्साआंधी नर झुंजत. ज्याचा आवाज खोल, तो मोठा वाटे, बाकीचे भेऊन मांगं सरत. त्याचंच घर वसे, त्यालेच लेकरं होत. असं म्हन्तेत जानकार."

दौलतभाऊंना मूल नव्हतं. कुणीतरी विषय वळवेल म्हणून मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मंग आमच्या घरी देवानं गळेच बदलून देल्ले म्हना!"

सारी पंगत हसली. वाढता वाढता सासूबाईही हसल्या. दौलतभाऊंनी अर्ध्या ताटात हात धुतले.

त्या संध्याकाळी परसात त्यांचा चिरका, थरथरता स्वर मी ऐकला. "आजपासून तुह्या गळ्यातून आवाज निंघाला, तं माह्यं मेलेलं तोंड पाहाशीन."

अनसाबाई पुन्हा बोलली नाही. आधी कुजबुजे, तीही कुजबुज त्यांना सलू लागली, तेव्हा ओठ मिटले. बोलवायचं तर बांगड्या वाजवी, नको असेल तर पदर ओढून घेई. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, "आता कशी बाईवानी राह्यते." एकामागून एक पऱ्हाट्या वेचून उलंगल्या, नव्या पेरल्या गेल्या, आणि तो खर्ज तिच्या कंठात न उपसलेल्या विहिरीसारखा गाळानं भरत गेला.

मग एका टळटळीत दुपारी गोठ्यातून किंकाळी आली. मी आणि अनसाबाई दोघीही धावलो. गोऱ्ह्यानं दौलतभाऊंना गव्हाणीशी दाबून धरलं होतं आणि त्यांच्या बारीक ओरडण्यानं तो अधिकच पिसाळत होता. अनसाबाईनं तोंड उघडलं. तिच्या मानेच्या शिरा ताठलेल्या, डोळे बाहेर आलेले मी हातभर अंतरावरून पाहिले. बाहेर पडला तो फक्त वारा. तिनं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा वाराच. मग तिनं बंडीच्या उभारीचा लाकडी दांडा उपसला आणि गोऱ्ह्याच्या नाकाडावर हाणत सुटली; तो हटला तोवर दौलतभाऊंच्या छातीचा पिंजरा मोडला होता.

दिवेलागणीपर्यंत त्यांना शुद्ध होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांनी विचारलं, "हाक काऊन नाई मारली वं?"

उत्तराची वाट पाहतच ते गेले.

प्रेताभोवती गावच्या बायांनी उंच सुरात आक्रोश मांडला. अनसाबाईच्या गळ्यातून हुंदकाही फुटला नाही, आणि तिसऱ्या दिवशी गावानं निकाल दिला: नवऱ्याले मराले सोडलं, रडली बी नाई. तो खोडून काढायला तिच्याजवळ शब्द नव्हता. मी सांगायला गेले, तर सासूबाईंनी मला गप्प केलं. शाळा उघडल्यावर आमचे हे बाप्याच्या खोल आवाजाचा तोच धडा पुन्हा शिकवू लागले. त्याच घराच्या एका कोपऱ्यात ती पुढे कितीतरी वर्षं जगली.

माणूस जातो तेव्हा त्याचं लुगडं पेटीत उरतं, चेहरा एखाद्या भाचीच्या चेहऱ्यात उरतो. आवाजाला मात्र ऐकणाऱ्याच्या कानाखेरीज घर नसतं, आणि काळ ते कानही एकेक करून मिटत नेतो.