साठपैकी एक्केचाळीस

ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत कपाशीचे चारशे दाणे होते. बाराव्या दिवशी मी मोजले: तीनशे बत्तीस चांगली रोपं, एकतीस वाकडी, सदतीस दाणे उगवलेच नव्हते. वाकडं रोपही उगवलेलंच असतं, पण ते शेतात टिकत नाही, म्हणून उगवणीत धरायचं नसतं. एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं मी हेच काम करते.

एप्रिलातल्या त्याच संध्याकाळी माझा मोठा भाऊ भारत दोन जाहिराती घेऊन आला. दादा आमच्याच कंपनीत कंत्राटावर संगणक दुरुस्त करतो. जूनअखेरपर्यंत नेटवर्कची परीक्षा पास झाला तर त्याला कायम करणार होते, नाहीतर बाहेरून माणूस घेणार होते.

"तृप्ते, इथंच मस्तगडला अडीच महिने रोज दोन तास क्लास, न्हाई तर जूनमधी संभाजीनगरला पाच दिवसांचा बूट कॅम्प. काय करू?"

"सराव पेपर सोडव. मोजून सांगते."

"तुला मोजल्याबिगर चैन न्हाई. उद्या माझ्यावर पाणी शिंपडून मोड मोजशील."

साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. एक्केचाळीस बरोबर आले. पास व्हायला बेचाळीस लागत.

"काही अंदाजानं मारलेत गं," दादा म्हणाला.

"बरोबर ते बरोबर."

मी कॅम्पवाल्यांना फोन लावला. तिथल्या साधना मॅडमनी विचारलं, "विषय येतो ना त्यांना? पाच दिवसांत आम्ही उजळणी घेतो, पहिल्यापासून शिकवत नाही."

"साठपैकी एक्केचाळीस आलेत."

"उत्तर तेच का, हे सांगता येतं?"

"एकच कमी पडतोय, मॅडम," मी म्हणाले. त्यांनी विचारलं होतं वेगळंच.

"मंग कॅम्पच," दादा म्हणाला. "तू म्हणतीस तर बराबरच असंल."

मस्तगडचा क्लास पुढच्याच सोमवारी सुरू झाला. दादा गेला नाही.

जूनमध्ये कॅम्पच्या पहिल्या दिवशी दादाचा फोन आला. "सर लई जल्दी पळून राह्यलेत. बाकीच्यांला येतंय सगळं. मी नुसता लिहून घेऊन राह्यलो." तिसऱ्या दिवसापासून फोन आला नाही. सहाव्या दिवशी परीक्षा झाली. हजारपैकी सातशे लागत होते, त्याला पाचशे अठ्ठ्याऐंशी मिळाले. पुन्हा बसायला पंधरा दिवस थांबायचं होतं, म्हणजे जुलै उजाडणार होता.

एक जुलैला नवा माणूस आला. कोणत्या खोलीतली कोणती वायर सैल आहे, ते दादानंच त्याला हिंडून दाखवलं. घरी आल्यावर त्यानं कॅम्पची वही माळ्यावर टाकली. उगवलं ते सगळं चांगलं धरायची चूक रोपांच्या बाबतीत मी एकदाही केली नव्हती.

रविवारी मी एप्रिलमधला पेपर काढला.

"दादा, बरोबर आलेल्या प्रत्येक उत्तराचं कारण सांग. तेव्हा ठाऊक होतं तेवढंच. कॅम्पात शिकलास ते नको."

"आता कशाला?"

"मला मोजायचंय."

"मोज बाई."

तो एकेक प्रश्न वाचत गेला. काहींना कारण सांगितलं, काहींना नुसती मान हलवली. मी दोन रकाने केले.

कारण सांगता आलं: सतरा. अर्धवट आठवून, अंदाजानं: चोवीस.