शमीवरची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. पण असे मागे सरू नका. माझ्या गोळीने आजवर चिमणीचे पीससुद्धा हललेले नाही. कागदावरच्या काळ्या ठिपक्याचा वेध घ्यायचा, एवढेच माझे काम.

सातासमुद्रापार माझी नळी घडली, तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला आणि जहाजातून मी आले ती बंगळुरात, मल्लेश्वरमच्या मल्हाररावांच्या हाती. मोठा भाविक माणूस! रविवारी सकाळी क्लबात नेमबाजी, संध्याकाळी राममंदिरात कीर्तन. लेकीला, मथुरेला, शिकवताना म्हणायचे, "बुवा समेच्या आधी क्षणभर थांबतात बघ, तसा श्वास धर. मग चाप ओढ." मथुरेचा नेम असा बसायचा की बापाचे डोळे भरून यायचे. खंडेनवमीला त्यांच्या पत्नी सकवारबाई मला देवघरात मांडून झेंडू वाहायच्या. माझ्याइतकी भाग्यवान कोण?

त्रेसष्ट सालच्या पावसाळ्यात मल्हारराव गेले. मथुरा आईला म्हणाली, "परवाना बाबांच्या नावाचा होता. आता हिला घरात ठेवणं गुन्हा आहे. ठाण्यात जमा करू, मग मी माझ्या नावानं परवाना मागते."

"अग बाई! नवमीला पुजतो आपण तिला. देवाला कसलं लायसन्स? उद्या खंडोबाच्या टाकालाही मागशील!"

धाकटे दीर फत्तेसिंग समजावू लागले, "वहिनी, गप पेटीत ठेवा. कोण बघतंय? आणि पोरीच्या जातीला परवाना देणार कोण?"

"लपवलेली सापडली काका, तर मात्र कधीच देणार नाहीत," मथुरा म्हणाली.

मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. पेटीत गेले असते, तर मथुरेचा खांदा मला पुन्हा लाभला नसता. पण सकवारबाईंना वाटे, घरातून गेलेली वस्तू सरकार कशाला परत देतंय? धन्याची एवढीच तर आठवण उरली होती.

त्या आठवड्यात मंदिरात बुवांनी पांडवांच्या अज्ञातवासाचे आख्यान लावले. कीर्तनाहून परतल्या आणि सकवारबाई माझ्यासमोर बसल्या. "गांडीव शमीवर ठेवताना अर्जुनाचाही जीव तुटला असेल ग. पण विश्वासानं ठेवलं, म्हणून वेळेला हाती आलं. मथुरे, चल. ते ठाणंच आपली शमी."

निघताना मात्र, लेकीची नजर चुकवून, त्यांनी माझ्या नळीच्या तोंडात चिमूटभर कुंकू घातले.

ठाण्यातले दफेदार बसवंत बेळगावकडचे. मी रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी नळीत डोकावले आणि कपाळाला हात लावला. "अक्का, आत कुंकू घातलंय की हो!"

"स्वल्पच आहे, अण्णा. राहू दे."

"राहू दे काय? गंजंल की ती! कुंकू लावायचं तर दस्त्याला लावा. नळीला तेलच पाहिजे."

मथुरेने पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपले नाही. बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

दफेदारांनी मला पुसून तेल दिले आणि पोलिसांच्या बंदुकांच्या रांगेत उभे केले. नवमीला त्या सगळ्यांना झेंडू वाहिले, तेव्हा एक मलाही मिळाला. परक्या घरी माहेर भेटले म्हणायचे!

इकडे मथुरेने परवान्यासाठी अर्ज केला आणि तिची चौकशी सुरू झाली. पोलीस साहेबांनी विचारले, "बाईमाणसाला बंदूक कशाला?" ती म्हणाली, "नेमबाजीला, साहेब. क्लबात या, बघा." साहेब खरेच आले. क्लबाची रायफल घेऊन तिने पाच गोळ्या मारल्या, आणि कागदाच्या मधोमध एकच छिद्र पडले. साहेब कागद उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

हिवाळा सरता सरता परवाना आला. मायलेकी मला न्यायला आल्या.

मित्रांनो, मला खेळणे समजू नका. कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा, नळीला तेल द्या आणि परवान्याची मुदत चुकवू नका. एवढे केलेत, तर माझ्यापासून कुणाला भय नाही.

त्या दिवशी दफेदारांनी परवान्यावरचे नाव मोठ्याने वाचले, "मथुरा मल्हारराव."

सकवारबाईंनी डोळे पुसले.

"अण्णा, पुन्हा एकदा वाचा की."