चव्वेचाळीसला थांबलेलं वजन

फरश्यांची चकाकी बिघडली, भट्टीतला अख्खा माल वाया गेला आणि मालकांनी बोट दाखवलं ते गोदाम सांभाळणाऱ्या भावजींकडे. त्यांनी काढून दिलेल्या पोत्यावरची चिठ्ठी ओलीने गळून पडली होती. आत नुसती पांढरी पूड. भावजी म्हणत होते, मागितलेलं मॅग्नेशियम कार्बोनेटच दिलं. मालकांना खात्री होती की चुनखडी दिली. नोकरी राहणार की जाणार, ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरणार होतं, आणि तिथली केमिस्ट म्हणजे भावजींची सख्खी वहिनी.

वहिनीचं दिराबद्दलचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. पोत्यांची अदलाबदल केली नसेल तरच नवल, असं मनाशी म्हणतच तिने पूड तोलायला घेतली.

हिशेब सोपा होता. यातली कुठलीही पूड चांगली तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वजन घटतं. शंभर भागांतले चुनखडीचे चव्वेचाळीस जातात, मॅग्नेशियमवालीचे बावन्न. तिने दोन ग्रॅम पूड मुशीत घालून छोट्या भट्टीत ठेवली, मग निववून तोलली. घट बरोबर शंभराला चव्वेचाळीस.

खरं तर मूस पुन्हा तापवायची, पुन्हा तोलायची आणि वजन हलेनासं होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, हे ती नवशिक्यांना कान पिळून शिकवायची. पण हवा तो आकडा समोर आला आणि बाईसाहेबांचं समाधान झालं. तिने मालकांना फोन करून चुनखडी असल्याचं सांगून टाकलं.

जेवणानंतर दुसऱ्या कामासाठी भट्टी पेटवली तेव्हा तीच मूस, काय बिघडतंय म्हणून, तिने परत आत ठेवली. या वेळी घट पन्नास निघाली. पुन्हा तापवली, बावन्न. आणखी एकदा, बावन्नच.

तिचे कान तापले. हात घाईत चुकला असता तर एवढं वाटलं नसतं. तिने पूड तोलायच्या आधीच माणूस तोलून ठेवला होता, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

ती गोदामात गेली तेव्हा भावजी डबा पिशवीत भरत होते.

"मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हटलं," ते म्हणाले. "मी कबूल केलं सगळं."

"काय कबूल केलंत?"

"चुनखडी दिल्याचं. मला आठवतंय वेगळंच, पण तुम्ही तोलून सांगितलंत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तुमचा काटा कशाला खोटं बोलेल? माझंच डोकं ठिकाणावर नसतं, तुम्हीच म्हणता ना." ते हसले.

"काटा खोटं बोलला नाही, भावजी. मीच तापवणं अर्धवट सोडलं. पोतं बरोबर होतं तुमचं. चला मालकांकडे."

भावजी हळूच म्हणाले, "फोनवरच सांगा ना, वहिनी. तिथे सगळे बसलेत. त्यांच्यासमोर तुम्ही कशाला मान खाली घालायची?"

"तुम्हाला घालायला लावली ती त्यांच्यासमोरच."

भावजी पिशवी खाली ठेवून खिसे चाचपू लागले. चष्मा कपाळावर होता. तिने पाहिला, आणि न हसता स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं.