बोटघट्ट

आईने ट्रकवर टॉवेल टाकून ठेवला होता. खिडकीपाशी, बाबांच्या टेबलावर, तो खेळण्यातला ट्रक अर्धवट राहिला होता तिथेच. टेबल पुसताना तिचं फडकं टॉवेलच्या कडेपर्यंत जायचं आणि वळसा घालून परत यायचं.

बाबा पंपांच्या कारखान्यात फिटर होते. तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी जोडलेला पंप गळत नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांना पुरेपूर ठाऊक होती. वीज मात्र त्यांना कधी वश झाली नाही. घरात फ्यूज उडाला की हा गृहस्थ मेणबत्ती शोधायला निघायचा. "नट दिसतो, आटे दिसतात," म्हणायचे. "विजेचं काय दिसतं? मुकाट्याने येते आणि चावून जाते."

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात परत आला, पण पाहुण्यासारखा. घरचा झाला नाही. आई शर्टाची बटणं लावून द्यायची तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहायचे. बोटांना काहीतरी काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मी तो संच आणला. सेलवर चालणारा डंपर. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, मूठभर स्क्रू आणि नट, चार रबरी टायर, अंगठ्याएवढी मोटार. खोक्यावर लिहिलं होतं, 'आठ वर्षांपुढील मुलांसाठी'.

"बसतो मी यात," बाबा म्हणाले. मग माझ्या मुलीकडे वळून, "तू नाही बसत. तुला अजून सहा महिने आहेत."

माझी मुलगी पाळण्यात असल्यापासून सतत काहीतरी गुणगुणते, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणतात. शनिवार-रविवार आजोबा आणि नात टेबलाशी बसायचे. आईला किंवा मला जवळ फिरकायची परवानगी नव्हती. मग दुसरा झटका आला, आणि तो मात्र झोपेतच त्यांना घेऊन गेला.

त्या गोष्टीला दोन महिने होत आले असताना, एका रविवारी तपासनीसकाकांचा फोन आला. हे बाबांच्याच कारखान्यात तपासनीस होते. बाबांनी जोडलेला प्रत्येक पंप त्यांच्या टेबलावर जायचा. ते खोट शोधायचे, बाबा ती नसल्याचं सिद्ध करायचे आणि मग दोघं एकत्र चहा प्यायचे; या भांडणावर त्यांची जन्मभराची मैत्री उभी होती. ते संध्याकाळी येणार होते. "आणि वहिनी, मास्तरचा तो ट्रक बघायचाय. फोनवर भलत्याच बढाया मारत होता."

आईने फोन ठेवला, आत जाऊन रिकामं खोकं आणलं आणि माझ्यापुढे आदळलं.

"ट्रक यात घाल आणि माळ्यावर टाक. विचारलं तर सांगू, कुणाला तरी देऊन टाकला."

"का?"

"टाक म्हटलं ना."

"आई, अगं का पण?"

तिने टॉवेल काढला. "उचलून बघ."

मी ट्रक उचलला. तो माझ्या हातात लडबडला. चौकट तिरकी झाली, केबिन एका बाजूला कलली, मागचा हौदा दात पडायला आलेल्या माणसाच्या जबड्यासारखा हलला. लावलेले भाग जागच्या जागी होते, पण एकही स्क्रू आवळलेला दिसत नव्हता.

"बघितलंस?" आई दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, जणू काका आत्ताच जिना चढत होते. "बोटांत जोरच उरला नव्हता. म्हणून आपल्याला जवळ येऊ देत नव्हते. आणि त्यांना कळत नव्हतं थोडंच? त्यांना? आयुष्यभर भाऊजींना यांच्या कामावर बोट ठेवायला जागा मिळाली नाही. ती आता मिळायला नको."

बाबा गेले त्या आठवड्यात मीही एकदा टॉवेल वर करून ट्रक उचलला होता आणि तसाच परत ठेवला होता. आईला कळू नये म्हणून टॉवेलच्या घड्यासुद्धा होत्या तशा केल्या होत्या.

"पण अजून फाळका लागायचाय!" भुंगी दारात उभी होती. तिच्या हातात ट्रकचा मागचा फाळका होता, पिवळा, तळहाताएवढा. "तो लागला की झाला. मग चालवायचा."

"तो चालणार नाही, बाळा," आई म्हणाली.

"का? सेल आहेत त्यात."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "माळ्यावर जायचाच आहे, तर पुरा होऊन जाऊ दे. मी आवळते सगळं. आणि काकांनी पाहिलाच, तर त्यांना काय कळणार, कुणी आवळलं ते?"

"त्यांना सगळं कळतं. तेच तर काम होतं त्यांचं." पण तिने खोकं जमिनीवर ठेवलं.

आम्ही तिघी टेबलाशी बसलो. फाळका दोन स्क्रूंवर लागला. मग मी ट्रक उलटा केला. पोटाशी गिअरचा छोटा डबा होता, चार स्क्रूंनी बंद केलेला, पट्ट्यांच्या मागे अडकलेला. तिथे स्क्रूड्रायव्हर तिरका घालूनच पोचत होता. मी पहिला स्क्रू आवळायला गेले. तो हलला नाही. दुसरा, तोही नाही. आटे चुकीचे बसले असतील म्हणून सैल करून बघू म्हटलं. दोन्ही हातांनी जोर लावला, स्क्रूड्रायव्हर सटकला आणि माझ्या तळव्याचं साल निघालं.

"आई गं!"

"काय झालं?"

"हे आवळलेले आहेत. बघ तू. हे चारही."

आईने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. तिने चारही स्क्रूंवर जोर लावून पाहिला. ओठ दातांखाली धरून पाहिला. मग ती मागे टेकली आणि कितीतरी वेळ त्या पिवळ्या डब्याकडे बघत राहिली.

"पलंग," ती म्हणाली.

"कसला पलंग?"

"लग्नानंतर यांनी लोखंडी पलंग आणला. सुटा. स्वतः जोडायला बसले. चार पाय लागले, पट्ट्या लागल्या, मला वाटलं झालं. मी जाऊन टेकले, आणि पलंगासकट खाली."

भुंगी खिदळली. "पडलीस?"

"पडले म्हणजे, लोळले. आणि हे, मला उठवायचं सोडून, पाना हातात घेऊन मलाच रागावतात. म्हणे, अजून बोटघट्ट आहे, कळत नाही का?" आईने ट्रकचा एक नट दोन बोटांत धरून फिरवला. "बोटघट्ट. बोटांनी फिरेल तेवढंच फिरवायचं. सगळे भाग लागेपर्यंत पाना लावायचाच नाही. एकाला आधी आवळलं तर दुसऱ्याचं भोक जुळत नाही म्हणायचे. पाना सगळ्यात शेवटी."

"आणि गिअरचा डबा?"

"तो आत जातो ना. नंतर तिथे हात पोचत नाही. म्हणून तेवढा आधी."

आईने पदराने डोळे टिपले, मग त्याच पदराने ट्रकची केबिन पुसली. ट्रक ढिला नव्हता. तो फाळक्यासाठी थांबला होता.

मग आम्ही आवळायला बसलो. आईला क्रमसुद्धा आठवत होता. एक इकडचा, एक समोरचा, कोपऱ्याला कोपरा. "एका बाजूने सगळे पिळत सुटू नकोस. पलंग तिरपा होतो." मी पाना धरत होते, ती स्क्रूड्रायव्हर फिरवत होती, भुंगी पुढचा नट दाखवत होती. हळूहळू पत्रा ताठ झाला. आईने ट्रक उचलून हलवला. काही हललं नाही. तिने आणखी एकदा हलवला, कारण नसताना.

"चालवू?" भुंगीने विचारलं.

"चालव."

भुंगीने ट्रक जमिनीवर ठेवला, तोंड भिंतीकडे करून, आणि केबिनमागचा खटका दाबला. मोटार गुरगुरली. ट्रक झोकात निघाला. मागे. पुढे तसूभरही नाही. फाळका पुढे काढून तो खोलीबाहेर पडला आणि पॅसेजमधून दाराकडे सुटला. दार उघडंच होतं, आणि उंबऱ्यात तपासनीसकाका एका हाताने बूट काढत एका पायावर उभे होते. ट्रक त्यांच्या बुटाला धडकला आणि तिथेच चाकं फिरवत राहिला.

काकांनी खाली पाहिलं. मग वाकून, गुडघ्यावर हात देत, ट्रक उचलला. चष्मा कपाळावरून खाली आणला. अंगठ्याने एकेक सांधा दाबून पाहिला. पोटाशी गिअरच्या डब्यावर अंगठा जरा जास्त वेळ राहिला. आई पॅसेजमध्ये उभी होती. तिची नजर त्या अंगठ्यावर होती.

"बांधणी चोख," काका म्हणाले. "पण मास्तरचा ट्रक मागे जातोय, वहिनी."

मिळाली बोट ठेवायला जागा. मोटारीच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या होत्या, आणि त्या बाबांनीच जोडलेल्या होत्या. आम्ही त्यांना हातही लावला नव्हता.

"तारा मी जोडल्या, भाऊजी," आई म्हणाली. "आत्ताच. मला मेलीला काय कळतंय त्यातलं! बाकी सगळं त्यांचं."

"नाही गं आजी, तारा तर आजोबां..."

मी भुंगीच्या हातात पाना दिला. "जा, जागेवर ठेवून ये."

काकांनी आईकडे पाहिलं, मग ट्रककडे. फ्यूज उडाला की बाबा मेणबत्ती शोधायचे, हे त्या माणसाला माझ्या आधीपासून माहीत होतं.

"तुम्ही जोडल्यात होय," ते म्हणाले. "तरीच."

ते तिथेच, पॅसेजमध्ये, एका पायात बूट तसाच ठेवून खाली बसले. नखाने दोन्ही तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून लावल्या. मग ट्रक जमिनीवर ठेवून खटका दाबला. ट्रक सरळ घरात आला. आई बाजूला झाली आणि तिने त्याला वाट दिली.