अदृश्य माळ

जयपूरबाहेरच्या नीमली ढाणीच्या, म्हणजे छोट्याशा वस्तीच्या, चौथऱ्यासमोर त्या शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आग्रा रोडवरून आत वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टर, मोटारसायकली, दोन जीपगाड्या आणि एक मिनीबस उभी होती. कानोत्याच्या धरणावर सहलीला आलेली माणसंही डबे न उघडताच इकडे वळली होती. सगळ्यांना एकच गोष्ट पाहायची होती, रामफूलच्या उजव्या हातातली माळ.

माळ अर्थातच दिसत नव्हती. तोच तर चमत्कार होता.

तेवीस वर्षांचा रामफूल चौथऱ्यावर मांडी घालून बसला होता. महिन्यापूर्वी हाच मुलगा विजेच्या मनोऱ्यावर चढून बसला होता. वरून हुकूम येतात म्हणत होता. चौघांनी त्याला दोरानं बांधून खाली उतरवलं होतं. आता तो पुतळ्यासारखा गप्प होता. फक्त उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सावकाश, न थांबता फिरत होता, जणू एकेक मणी मागे सरतो आहे.

"डॉक्टर काय देतो? गोळी," मालावाले बाबा माइकवरून सांगत होते. "गोळी कुठे जाते? पोटात. वेड कुठे असतं? डोक्यात. मग पत्ता चुकला की नाही?"

लोक हसले.

"अरे, हा मंगळाचा करंट आहे. डॉक्टर लोक फ्यूज काढतात, मी अर्थिंग देतो. एकवीस दिवस माझ्या शंखातलं पाणी पाजलं, आणि भगवान स्वतः याच्या हातात माळ देऊन गेला. हा झोपला की भगवान माळ परत नेतो. उठला की पुन्हा हातात."

शेवटच्या रांगेत, कुणीतरी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रत्नप्रभाबाई बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांना रामफूल नीट दिसत नव्हता. दिसत होती ती पुढच्या रांगेतली त्याची आई केशंता. केशंता गेली अकरा वर्षं शहरात, झोटवाड्यात, त्यांच्या दारी दूध घालत होती. आज तिनं कोरी पिवळी ओढणी घेतली होती आणि अनोळखी बायका वाकून तिच्या पाया पडत होत्या.

रत्नप्रभाबाईंच्या पोटात काहीतरी पेटलं. चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून विमा कंपनीतल्या नवऱ्याच्या बदलीबरोबर त्या जयपूरला आल्या, तेव्हापासून हेवा त्यांना ओळखीचा होता. मराठी मंडळाच्या गणपतीत बायका मुलांच्या नोकऱ्या आणि नातवंडं सांगत, आणि त्या मोदकाच्या पाऱ्या करण्यात डोकं खुपसून बसत. पण ज्यांची मुलं कधी आजारीच पडली नाहीत, त्यांचा हेवा करून करून त्यांना कंटाळा आला होता. हा हेवा निराळा होता. केशंताच्या मुलाला तोच आजार झाला होता, जो राघवला झाला होता. आणि तो एकवीस दिवसांत बरा झाला होता.

राघव त्यांचा एकुलता एक मुलगा. वय पंचेचाळीस. बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. एकदा जयपूरच्याच गांधीनगर स्टेशनापुढे तो रुळांमधून चालत निघाला होता, तेव्हा गँगमननं त्याला धरून आणलं. आता औषधांवर ते सगळं शांत होतं. सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी तीन. तो पेपर वाचे, कुंड्यांना पाणी घाली, ओळखीच्या एका दुकानात दुपारी चार तास झेरॉक्स काढी. पण अंग सुटलं होतं, बोलणं संथ झालं होतं. गेल्या वर्षी नवरा, वसंतराव, गेल्यापासून रत्नप्रभाबाईंना एकच प्रश्न छळत होता, की आपल्यानंतर याचं कोण?

दुसऱ्या दिवशी दूध घालताना केशंता म्हणाली, "बाईजी, राघव भैयांनाही आणा. बाबांची अट एकच. विलायती गोळी तीन दिवस आधी बंद."

"आणि रामफूल? कसा आहे?"

"रत्न झालाय माझा पोरगा. रागावत नाही, मागत नाही. दोनदा आग्रा रोडवर ट्रकांच्या मधून चालत गेला. बाबा म्हणाले, देव तीर्थाला चालवतोय, अडवू नका."

ट्रकांच्या मधून. हे शब्द ऐकताच रत्नप्रभाबाई दचकायला हव्या होत्या. पण त्यांनी ऐकलं ते फक्त 'रत्न झालाय'. त्यांनी दार लावलं आणि गोळ्यांचा डबा कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला.

राघवनं पहिल्या संध्याकाळी विचारलं, "आई, गोळ्या?"

"संपल्यात. आणते."

आईचं बोलणं त्याला खरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यानं पेपर उलटा धरला होता आणि डोळे तारवटले होते.

चौथ्या दिवशी ऑटोत बसून दोघं निघाली. शहराबाहेरची घाटाची गुणी ही खिंड मागे पडली, हमरस्ता लागला, तसा राघव सीटच्या कडेला सरकला.

"आई, मला उतरू दे."

"अजून आलं नाही रे."

"ट्रक हाक मारताहेत. मतलब, नाव घेऊन."

रत्नप्रभाबाईंनी त्याचा सदरा पाठीमागून मुठीत पकडला. पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाला चौऱ्याहत्तर वर्षांच्या मुठीनं किती धरवणार? रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, वेग कमी केला, आणि विचारलं, "मांजी, तबियत ठीक है ना इनकी?" त्यांनी मूठ आणखी घट्ट केली. पुढचे नऊ किलोमीटर त्या मनात देवाचं नाव न घेता किलोमीटरचे दगड मोजत होत्या.

ढाणीवर गर्दी होतीच. आज नवा चमत्कार होता. रामफूलची मान डाव्या खांद्याकडे पिळल्यासारखी वळली होती, डोळे वर लागले होते.

"मंदिर कुठे? डावीकडे. मान कुठे? डावीकडे," बाबा सांगत होते. "आता तो संसाराकडे पाहणारच नाही." पुढच्या रांगेत केशंता हात जोडून बसली होती, पण आज तिचा चेहरा उतरला होता.

नवीन रोगी म्हणून राघवला चौथऱ्यावर नेलं. रत्नप्रभाबाई त्याचा सदरा न सोडता मागोमाग चढल्या. बाबांनी तांब्याच्या कळशीतलं पाणी आधी भक्तांना पळीनं दिलं. मग तेच पाणी बाजूच्या शंखात ओतून शंख राघवपुढे धरला.

राघव शंखाकडे पाहत नव्हता. तो रामफूलच्या शेजारी बसून त्याच्या बोटांकडे पाहत होता.

"जीभ जड झाली ना?" त्यानं हिंदीत विचारलं.

रामफूलनं बऱ्याच वेळानं हुंकार दिला.

"बसलं की पायांत मुंग्या धावतात. उभं राहिलं की चालावंच लागतं. थांबता येत नाही. हो ना?"

"हो," रामफूल म्हणाला. कितीतरी दिवसांत त्यानं उच्चारलेला हा पहिलाच स्पष्ट शब्द होता. "तुला कसं ठाऊक?"

"माझ्यापण हातात माळ होती. दोन हजार सहा साली." राघव आईकडे वळला. "आई, हे ते थेंब आहेत. तू वरणात घालायचीस ते."

रत्नप्रभाबाईंना चटका बसल्यासारखं झालं. राघव गोळी थुंकायचा, तेव्हा डॉक्टरांनी बिनरंगाचे, बिनचवीचे थेंब लिहून दिले होते. तीन महिने त्या ते मोजून वरणात घालत होत्या. त्यातच एकदा त्याची बोटं अशीच फिरू लागली होती. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, जोडीला एक छोटी पांढरी गोळी दिली, आणि आठवड्यात बोटं थांबली. सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. गेल्या शनिवारी ते ओळखणारी त्या गर्दीतल्या एकमेव बाई त्याच होत्या, आणि त्या केशंताच्या पिवळ्या ओढणीकडे बघत बसल्या होत्या.

"महाराज," त्या म्हणाल्या, "हे पाणी आधी आपण घ्या."

"हे रोग्याचं तीर्थ आहे, माताजी. निरोगी माणसानं घेतलं तर रोग त्याच्यात उतरतो."

लोकांनी माना डोलावल्या.

"मी रोगीच आहे," राघव म्हणाला. "मला चालेल. फक्त शंख धुऊन द्या."

"शंख धुतला तर शक्ती वाहून जाईल."

"बरोबर," राघव म्हणाला. "तेच म्हणतोय."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. केशंता उठली. रोज पहाटे दुधाच्या बरण्या धुणारी बाई ती, भांड्यात काय राहतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं दुसरा शंख उचलला, रामफूलसाठी तयार ठेवलेला. कळशीचं पाणी अजून त्यात पडलं नव्हतं. तरी तळहातावर उपडा केला तेव्हा पाच-सहा थेंब ओघळले.

"कोरडा शंख ओला कसा, बाबाजी?"

बाबांनी झोळी ओढली. केशंतानं ती उलट बाजूनं ओढली. झोळी फाटली आणि विभूतीच्या पुड्यांबरोबर ड्रॉपर लावलेल्या चार बाटल्या चौथऱ्यावर घरंगळल्या. त्यांवरचे कागद खरवडून काढलेले होते.

"आमच्या दूधवालीच्या मुलाच्या मानेचं आधी पाहा," रत्नप्रभाबाई राघवच्या डॉक्टर ज्ञानदाताईंशी फोनवर बोलत होत्या. "आणि ज्ञानदाताई, मी राघवची औषधं तीन दिवस बंद ठेवली. मीच."

"ते नंतर बोलू. दोघांनाही जवळच्या सरकारी दवाखान्यात आणा. मी निघाले."

अर्धी ढाणी दवाखान्याच्या आवारात जमली. ज्ञानदाताईंनी रामफूलच्या दंडात एक इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांनी त्याची मान हळूहळू सरळ झाली. त्यानं आधी आईकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

"भगवान मान फिरवत नव्हता," ज्ञानदाताई लोकांना म्हणाल्या. "औषध जास्त झालं होतं. बोटांची माळ, पायांची ओढ, मान, सगळं त्याचंच. औषध खरंच आहे. आम्हीही देतो. पण तपासून, मोजून, दर भेटीत बघून देतो. असा माणूस झोपाळलेला, पायांत ओढ असलेला, धरणाकाठी नाहीतर हमरस्त्यावर एकटा सोडला तर काय होईल, ते तुम्हीच सांगा."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग बाबांनी बरं केलंच ना थोडं?"

"औषधानं केलं. बाबांनी नाव स्वतःचं लावलं. एवढंच."

बाबा एव्हाना कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पसार झाले होते. पुढे कळलं, ते एके काळी दुसऱ्या जिल्ह्यात औषधाच्या दुकानात कामाला होते. पोलिसांत तक्रार केशंतानं केली, अंगठा उठवून.

चार महिने झाले. रामफूल आता म्हशी धुतो, बहिणीशी भांडतो, मोबाइल मागतो. ट्रॅक्टर चालवायला ज्ञानदाताईंनी अजून मनाई केली आहे, म्हणून तो रुसलेला असतो. केशंता हे दुधाच्या बरणीवर हात ठेवून सांगते, आणि रत्नप्रभाबाईंना अजूनही हेवा वाटतो. खोटं कशाला बोलायचं?

पण तो आता बाबाच्या चमत्काराचा नाही. रामफूलला आजाराच्या पहिल्याच वर्षी डॉक्टर भेटली. राघवला भेटायला चार वर्षं लागली. ती चार वर्षं रत्नप्रभाबाई आणि वसंतराव, दोघं शिकलेली माणसं, अंगारे, गंडे आणि तीन राज्यांतल्या बुवांच्या पायऱ्या झिजवत होती. तेव्हा कुणी शंख उपडा करून दाखवला असता तर राघव आज कसा असता, हे त्यांना कळणार नाही. ती चार वर्षं कुणी परत देऊ शकत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. घरातल्या कुणाला आवाज ऐकू येऊ लागले, तो रस्त्यावर, पाण्याकडे, उंचावर जाऊ लागला, तर तो करंट नाही की भूत नाही. मेंदूचा आजार आहे, त्याला औषध आहे, ते सरकारी दवाखान्यातही मिळतं. चालू असलेली गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. जे पाणी देणारा स्वतः पीत नाही, ते आपल्या लेकराला पाजू नका. आणि शेजारणीचं मूल एकाएकी बरं झालेलं पाहून पोटात पेटलंच, तर दूरच्या खुर्चीवर बसून राहू नका. जवळ जा, त्याच्या बोटांकडे नीट बघा, आणि त्यालाच विचारा की बाळा, तुला कसं वाटतंय.