खुर्ची बाहेर ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका हं! मरोळच्या एका कारखान्यात मी जन्मले. लोखंडी पाय, निळं कापड. नाहूरच्या गुणाजींनी मला घरी आणलं. संध्याकाळी ते बिल्डिंगखाली माझ्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "झकास खुर्ची आहे!" काय तोरा होता माझा! मग ते वारले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यावर जुन्या चादरींचा ढीग चढला.

यंदा त्यांच्या बायकोने, शेवंतीमावशींनी, मला खाली काढलं. त्यांची लेक श्रुतिका परदेशात बाळंत होणार होती आणि तिच्याजवळ दुसरं कोणीच नव्हतं. मावशींना व्हिसाच्या रांगेत थांबायचं होतं. गुडघे मात्र ऐकत नव्हते.

रांगेत पुढे जान्हवी होती, शिकायला निघालेली.

"मावशी, तुम्ही कशाला चाललात?"

"चेडवाचा बाळंतपण करूक."

"वाट लागली! आत असं बोलू नका हां. 'करायला' म्हटलंत तर साहेबांना वाटेल, तिकडे सुईणीची नोकरी करायला निघालात!"

"मगे खोटा सांगू?"

"खोटं कशाला? लेकीजवळ राहायला चालले म्हणा. राहणारच ना?"

मावशी घोकू लागल्या, पण जीभ पुन्हा पुन्हा 'करूक'वरच घसरायची. मागचे अनिरुद्धकाका भुवया चढवून साहेब झाले. "काय करणार तिकडे?"

"तुमची खोड मोडणार!" मावशी म्हणाल्या. अख्खी रांग हसली. जान्हवीचे पाय दुखले की मावशी उठायच्या आणि तिला माझ्यावर बसवायच्या.

जान्हवी आधी आत गेली. बाहेर आली ती पासपोर्ट परत घेऊनच. तिला नकार मिळाला होता. तेवढ्यात मावशींचा नंबर आला. दारावरचा माणूस म्हणाला, "खुर्ची बाहेर ठेवा."

"द्या इकडे, मी सांभाळते," जान्हवी म्हणाली.

"तू घराक जा गो बाय."

"जाईन नंतर. 'राहायला' म्हणायचं, कळलं ना?"

मावशी आत गेल्या. जान्हवी माझ्यावर बसली आणि आत्ता कुठे रडली. माझं कापड ओलं झालं. मग तिच्या आईचा फोन आला. ती म्हणाली, "आई, मला उशीर होईल. माझी मावशी आत आहे."

मित्रांनो, मला लोखंडी पाय आहेत, तरी मी तेव्हा थरथरले.

मावशी बाहेर आल्या. जान्हवी उठायला लागली, तर त्यांनी तिचा खांदा दाबला. "बस तू." तिचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं. मग हळूच, अपराध्यासारखं म्हणाल्या, "माझा झाला गो."

जान्हवीने रडता रडताच त्यांना घट्ट मिठी मारली.

म्हणून एक विनंती करते. कोणी माझ्यासारख्या खुर्चीवर बसून रडत असेल, तर त्याला उठवायची घाई करू नका. गुडघे दुखत असले, तरी थोडा वेळ बाजूला उभे राहा.