आठ सेकंदांत धुतलेला रंग

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे आणि मी संतापलेले आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगावी, शेवटी हळूच डोळे पुसावेत, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. माझ्या अंगावर साठ वर्षांत चढलेला रंग एका माणसाने आठ सेकंदांत उतरवला. वर तो माझे भले करायला निघाला होता!

माझा जन्म टांकसाळीतला. चांदीच्या पट्टीतून मला गोल कापले, दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवले आणि असा दणका दिला, की एका अंगावर जहाज आणि दुसऱ्यावर साल कायमचे उमटले. त्याच वर्षी चांदीची नाणी पाडणे मध्येच थांबले. म्हणून माझ्या सालाची भावंडे थोडी. पुढे माझ्या मुळावर आले ते हेच.

नवे कोरे असतानाच मी एका सुईणीच्या हाती पडले. तिने एकटीने केलेले ते पहिले बाळंतपण. बाळ पायाळू होते, पण मायलेकरे दोघेही सुखरूप सुटली.  बाळाच्या आजोबांनी खिशातून मला काढून तिच्या तळहातावर ठेवले. तिने मला कधीच मोडले नाही. औषधाच्या पुडीच्या तपकिरी कागदात गुंडाळले आणि आपल्या पेटीत, रबरी हातमोज्यांच्या शेजारी ठेवून दिले. त्या पेटीतून मी शेकडो घरांत गेले. पाहिले काहीच नाही, ऐकले मात्र सगळे. आधी बाईचे कण्हणे, मग सुईणीचा करडा आवाज, "घाबरू नकोस, मी आहे," आणि मग ते पहिले रडणे.

कागदात आणि रबरात किंचित गंधक असतो. तो वर्षानुवर्षे मला अलगद शिवत राहिला. कडेला गर्द निळा रंग आला, त्याच्या आत जांभळा, त्याच्या आत मधासारखा सोनेरी. मधले जहाज तेवढे पांढरे राहिले, जणू मावळतीच्या पाण्यात उभे. नाणी जमवणारे लोक याला टोनिंग म्हणतात. कुणी याला मळ म्हणाले, तर मला अजून चीड येते. मळ पुसून जातो. हा रंग माझ्या कातडीचाच झाला होता.

सुईण गेल्यावर पेटी तिच्या लेकीकडे आली. लेकीचे चष्म्यांचे दुकान, आणि नाद नाणी जमवण्याचा. पुडी उलगडून तिने मला भिंगाखाली धरले, तेही कडेला दोन बोटांत, आणि प्रकाशात हळूहळू फिरवले. मग म्हणाली, "आई, हे तू केव्हा रंगवलंस गं?"

माझे सुखाचे दिवस ते एवढेच. कारण तिला एक भाचा होता.

भाचा गाड्या रंगवायच्या कारखान्यात कामाला होता. ठोकलेली, गंजलेली गाडी त्याच्याकडे द्यावी आणि आरसा होऊन परत न्यावी. सगळे त्याला चकाचक म्हणत. आत्याच्या नादाने तोही नाणी जमवू लागला, पण त्याचा जीव नाण्यांत कमी आणि यादीत जास्त. इंटरनेटवर एक रजिस्ट्री होती. जगभरचे नाणीवाले आपापले संच तिथे मांडत. तपासणी संस्था प्रत्येक नाण्याला गुण देई आणि गुणांवरून संचाचा क्रमांक लागे. चकाचकचा संच दुसरा होता. एकच घर रिकामे, माझ्या सालाचे.

आत्याने मला त्याच्या हातात दिले. "तपासणीला पाठव, यादीत लाव. पण जसं आहे तसं."

"म्हणजे काय आत्या! मी काय वेडा आहे?"

वेडा नव्हता. वेडा परवडला असता.

त्याने माझा फोटो रजिस्ट्रीच्या चर्चेच्या पानावर टाकला आणि तिथे रणकंदन माजले. 'शांत कासव' नावाचा कुणी म्हणाला, रंग अस्सल आहे, बोटही लावू नका. 'चांदीसम्राट' नावाचा दुसरा म्हणाला, भट्टीत भाजून आणलेला खोटा रंग आहे, तपासणीत हमखास आपटणार, धुऊन टाक. मला हातात कुणी धरले नव्हते, वजन कुणी पाहिले नव्हते. उंटावर बसून शेळ्या हाकणारे सगळे! शंभरावर उत्तरे झाली. वर्षाचे क्रमांक ठरायची शेवटची तारीख जवळ आली होती आणि चकाचकचा धीर सुटला. आत्याचे दुकान कारखान्यापासून दहा मिनिटांवर होते. त्याने तिला विचारले नाही.

जेवणाच्या सुट्टीत, रंगाच्या डब्यांमध्ये, त्याने मला चिमट्यात धरून चांदी उजळायच्या औषधात बुडवले. एक, दोन, तीन... तो मोठ्याने मोजत होता. आठला बाहेर काढले तेव्हा निळे गेले होते, जांभळे गेले होते, मध गेला होता. एवढ्याने त्याचे समाधान होईना. गाडीच्या बॉनेटला फिरवतात त्या फडक्याने त्याने मला घासले.

"आता कसं दिसतंय बघ!" तो म्हणाला. कुणाला दाखवत होता, कोण जाणे.

तपासणी संस्थेने मला परत पाठवले. सोबत चिठ्ठी: 'साफ केलेले. गुण देता येत नाहीत.' चकाचकने ती चर्चेच्या पानावर टाकली. चांदीसम्राटाने उत्तर दिले, "अरेरे, आधीच छान होतं की!" मित्रांनो, मला पाय असते तर मी त्या माणसाचे घर शोधत गेले असते.

पण विटंबना अजून संपली नव्हती. रंग परत आणायचा म्हणून चकाचकने मला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले, तेही उकडलेल्या अंड्यासोबत, अंड्यातही गंधक असतो म्हणून! दोन दिवस मी त्या वासात पडून होते. रंग आला, नाही असे नाही. चहा सांडल्यासारखे डाग आले.

मग तो आत्याच्या दुकानात आला आणि मला काउंटरवर ठेवून उभा राहिला. तिने भिंग उचलले, पाहिले आणि खाली ठेवले.

"आत्या, मला वाटलं चांगलं होईल."

"वाटलं, तर विचारायचं होतंस. तोंडाला कुलूप होतं?"

"मी याच सालाचं दुसरं आणून देतो. कुठूनही शोधून आणतो."

"साल आणशील रे. बाई कुठून आणशील?" तिने मला उचलून त्याच्यासमोर धरले. "पेटी घेऊन आई कुठल्या कुठल्या घरी चालत गेली, त्याची एवढीच खूण होती. तुझी आजी होती ती!"

चष्म्याचे माप द्यायला आलेले गिऱ्हाईक गुपचूप बाहेर जाऊन उभे राहिले.

"मी संच काढून टाकतो यादीतून," तो पुटपुटला.

"काढायचा नाही. लपवायचं नाही. धुण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो लाव आणि खाली काय झालं ते लिही. इथेच. माझ्यासमोर."

त्याने फोन काढला. लिहिले आणि तिला दाखवले: 'नाणे खराब झाले.'

"झालं? आपोआप झालं?"

त्याने खोडले. बराच वेळ अंगठा तसाच हवेत राहिला. पहिला क्रमांक तर गेलाच होता, आता जगभर हसे होणार होते. मग त्याने लिहिले: 'हे नाणे मी खराब केले.' आणि पाठवून दिले.

लोक हसले, काहींनी शिव्याही घातल्या. पण एका बाईने त्याला कळवले, की वडिलांचे नाणे धुवायला तिने पाणी तापत ठेवले होते, ते वाचून गॅस बंद केला.

म्हणून माझा राग गेला असे समजू नका. मला पुन्हा रंग येईल म्हणतात, येवो बापडा. त्याला तुम्ही साठ वर्षे द्याल का, एवढेच सांगा. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली आणि ती तुम्हाला कळली नाही, तर उजळायची घाई करू नका. आधी विचारा. सांगणारे कुणी भेटले नाही, तर हात खिशात ठेवा.